वीस दिवसांची कॉफीबंदी

सोमवार, ३ मार्च
मोबाइलवर वाचलं. कॅफिन खेळाडूंना चालतं. बंदी नाही, चोरी नाही. शर्यतीआधी तासभर घेतलं की पाय हलके होतात. मात्र रोज पिणाऱ्याचं शरीर निर्ढावलेलं असतं. म्हणून आजपासून कॉफी बंद. थेट २३ तारखेला, शर्यतीच्या सकाळी, दोन कडक कप. दहा किलोमीटर. गेल्या वर्षी मेव्हण्याने नऊ मिनिटांनी हरवलं. यंदा त्याची जिरवायचीच.
हिला सांगितलं. म्हणाली, मग साडेसहाला खिडकीत काय करायचं? चोवीस वर्षं आम्ही साडेसहाला स्वयंपाकघराच्या खिडकीशी दोन खुर्च्या टाकून कॉफी पितो. म्हटलं, गरम पाणी पिऊ. म्हणाली, गरम पाण्यावर गप्पा होत नाहीत.

मंगळवार, ४ मार्च
डोकं ठणकतंय. म्हणजे लागू पडतंय.

गुरुवार, ६ मार्च
दुकानात गिऱ्हाइकाचे डोळे तपासताना माझेच मिटले. त्याने तक्त्याची शेवटची ओळ वाचली, मग खाली छापखान्याचं नाव वाचलं, मग मला हलवलं. म्हणाला, चष्म्याचं राहू दे, तुम्ही घरी जाऊन पडा.
धावायला सुरुवात उद्यापासून.

शनिवार, ८ मार्च
कॉफीच्या वासाने जीव कासावीस. हिला स्पष्ट सांगितलं, तुझा कप घरात नको, खाली पायऱ्यांवर जाऊन पी, माझं तप मोडेल. कप घेऊन गेली. तळमजल्यावरच्या बाई तिथे बसतात. शाळेत खेळ शिकवायच्या, आता रिटायर झाल्यात. चला, हिलाही सोबत झाली. किती सहज सुटला प्रश्न.
धावणं सोमवारपासून. आठवड्याची सुरुवात बरी.

बुधवार, १२ मार्च
ही हल्ली घामाघूम होऊन घरी येते. दोघी मैदानाला फेऱ्या मारतात म्हणे. मी बजावलं, शास्त्रीय आधाराशिवाय शरीराला ताण देऊ नये. मग जरा पडलो.

रविवार, १६ मार्च, सकाळी ६.३५
खिडकीत एकटा. गरम पाणी. एकाग्रतेला शांतता हवीच होती.
एका आजीबाईंना उजवं भिंग डावीकडे बसवून चष्मा दिला, हा किस्सा हिला सांगायचा तीन दिवस राहिलाय. काल संध्याकाळी सांगायला गेलो, तर म्हणाली, सकाळी सांगा. आता सकाळ झालीय, तर ती घरात नाही.
आजवर एकूण दोनदा धावलो. इंजिन ताजं राखलंय.

गुरुवार, २० मार्च
मेव्हण्याचा फोन. तयारी कशी आहे? म्हटलं, रविवारी कळेल. जेवताना ही शर्यतीबद्दल काहीतरी सांगत होती. हो म्हटलं बहुतेक. डुलकी लागली होती.

रविवार, २३ मार्च, दुपारी
साडेपाचला दोन कप. हात थरथरायला लागले. काय ती ताकद! साडेसहाची शर्यत प्रमुख पाहुणे न आल्यामुळे अर्धा तास लांबली. परिणाम ओसरू नये म्हणून तिसरा कप. शिट्टी झाली तेव्हा मी शौचालयाच्या रांगेत. पण नंतर निघालो तो असा, की दोन किलोमीटरमध्ये निम्मी गर्दी मागे. चौथ्या किलोमीटरला पोटात कळ. सहाव्याला फुटपाथवर बसलो.
मागून दोन बायका धावत आल्या. एक तळमजल्यावरच्या बाई. दुसरी ही! छातीवर नंबर लावलेला. थांबली, म्हणाली, काय होतंय, थांबू का मी? म्हटलं, नको, मुद्दाम बसलोय, डावपेच आहे. म्हणाली, मीही नाव दिलंय हे गुरुवारी सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणालात. आणि गेली. छान धावते. खरंच छान धावते.
मेव्हणा अठ्ठावन्न मिनिटं. ही एक तास चौदा. मी आयोजकांच्या जीपमधून.

सोमवार, २४ मार्च, सकाळी ७.१०
तप संपलं. साडेसहाला खिडकीशी दोन खुर्च्या, दोन कप. आजीबाईंचा किस्सा मनात जुळवून ठेवलेला. ही बुटाची नाडी बांधत बाहेर आली. कप पाहिले. म्हणाली, अहो, कॉफी आता आम्ही धावून आल्यावर खालीच घेतो. बाई थांबल्यात. किस्सा संध्याकाळी सांगा.
जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत बसलो. दोन्ही कप मीच प्यायलो. फार वाईट वाटतंय.
कॅफिनचाच परिणाम असणार.