आधीच घडून गेलेलं वर्ष

१७ जानेवारी, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. आईचा खोकला उतरला. वहिनीने पाठवलेली शाल ती घरातही काढत नाही. संस्थेला यंदा कोणती श्रेणी मिळाली असं तू विचारलंस. ते खाली लिहिते.

मागच्या साहेबांनी धुक्याची खोली बंद केली आणि तू नोकरी सोडलीस. त्यांच्या खुर्चीत मी आले, तरी कुलूप तसंच राहिलं. आम्ही फार शहाणे झालो होतो. काम आधी पुरं करायचं, कपाटात ठेवायचं, आणि पुढच्या वर्षी हेच करून दाखवू म्हणून सरकारला शब्द द्यायचा. शब्द कधी मोडला नाही. दरवर्षी वरची श्रेणी. कधीकधी वाटे, आपण घडून गेलेल्या वर्षात राहतोय. जिन्यात भेटणारी माणसं मागच्या वर्षीची. त्यांचे ओठ आधी हलायचे, आवाज नंतर यायचा.

मंगळवारी सचिव तपासणीला आले. जाताना त्या कुलूपबंद खोलीच्या दाराशी थांबले.

"इथे काय?"

"धुकं. कापडावर धरून त्याचं पाणी करायचं."

"वर्षात किती निघेल?"

"माहीत नाही."

"बाई, माहीत नसलेल्याला पैसे कसे देऊ?"

आपली यंत्रवाली मागे उभी होती. तिची जीभ तुला ठाऊक आहे. "माहीत असतं तर मागितले नसते, साहेब. कपाटात ठेवलं असतं."

मग मी त्यांना कपाट उघडून दाखवलं. पुढच्या दोन वर्षांचं यश तिथे घडी घालून ठेवलेलं.

त्यांनी वरची एक घडी उलगडून पाहिली. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला शिळं वाढत होतात."

श्रेणी गेली, दादा. सगळ्यांची पगारवाढही. खोलीला मात्र तीन वर्षं दिली. मधे कोणी विचारायला येणार नाही. पाणी निघालं नाही, तर संस्था बंद.

काल यंत्र सुरू केलं. धुकं आधी जमिनीवर पसरलं, मग गुडघ्यांपर्यंत, मग माणसं पुसट झाली. टांगलेली कापडं कोणीतरी झोपेत श्वास घ्यावा तशी हलत होती. आत सगळे हात लोंबते सोडून उभे. पांढऱ्यातून एकाने विचारलं, "मॅडम, करायचं काय?" मी म्हटलं, वाटेल ते. कोणी हललं नाही. कोणाला धाडस नाही असं नाही. फसेल असं काही करायची सवयच गेली आहे.

"दादा असते," यंत्रवाली म्हणाली, "तर एव्हाना दोन कापडं वाया घालवून तिसरं मागत बसले असते."

सगळे हसले. एकाने कापडाला हात लावला, आणि लगेच मागे घेतला.

तिकडे तुझा पगार चांगला, लेकीची शाळा जवळ. इथे तीन वर्षांनंतरचं कोणीच सांगू शकत नाही. हे सगळं मांडून झाल्यावर पत्र इथेच संपवावं, असं ठरवून बसले होते.

दादा, चुकायला ये.

कसलाच शब्द न देता,
तुझी धाकटी