रविवारची डुबकी

बुधवार, १४ मे

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. ऊन नुसतं मी म्हणतंय, मांजरीला पिल्लं झालीत. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हा कागद.

परवा म्हणालास, "ताई, रविवारी कॅमेरेवाले येणार आहेत, एकच डुबकी मार गं! फोटो निघाला की बाहेर. तू उतरलीस की लोक डोळे मिटून उतरतील." खरंय. अर्ध्या गावाला मीच पोहायला शिकवलंय, तुझ्यासकट. नाकात पाणी गेलं की कसलं भोकाड पसरायचास! आता तलावाच्या चौपाटीचा साहेब झालास, मला केवढा अभिमान वाटतो. पण लोक डोळे मिटून उतरतील, याचीच तर भीती आहे रे.

तपासणीत पाणी शुद्ध आलंय म्हणतोस. येणारच! तुझी माणसं बाटली भरतात धक्क्याच्या टोकाला, खोल पाण्यात. पोरं खेळतात काठाशी, गुडघाभर पाण्यात, जिथे गटाराचं तोंड उघडतं. मागच्या आठवड्यात म्हटलं, ये, जरा वास तरी घे. तर म्हणालास, बूट खराब होतील. हद्द झाली!

माझ्या पोहण्याच्या वर्गातली निम्मी पोरं जुलाबांनी आडवी झाली. तू म्हणालास, बाहेरचं अरबट-चरबट खाल्लं असेल. बरं. मी तर घरचंच जेवते.

आता निघालंच आहे तर सांगते. ठणठणीत-बिणठणीत काही नाही. हाताला सलाईन आहे, म्हणून अक्षर असं वाकडं. तुझा परवाचा फोनही इथेच, दवाखान्यात घेतला. डॉक्टरीणबाई म्हणतात, पाण्यातूनच आलंय, उशीर केला असता तर जिवावर बेतलं असतं. तुझी बायको रोज डबा आणते. तुला सांगायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं, तू घाबरतोस. आज मात्र हे पत्र तिच्याच हाती देतेय.

रविवारी मी येणार. डॉक्टरीणबाईंनी डोळे वटारले तरी येणार. गटाराच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसेन. कॅमेरेवाल्यांसमोर आधी तू उतर, तुझ्या छकुलीचा हात धरून. तिच्या नाकातोंडात पाणी जाऊ दे, सगळ्याच पोरांच्या जातं. मग मी उतरते, शब्द देते.

नाही ना धजत? मग त्याआधी 'पाण्यात उतरू नये' अशी पाटी लाव, आणि बाटली काठाशी भर. लावलीस तर तुझ्या शेजारी उभी राहीन, लोकांच्या शिव्या दोघं मिळून खाऊ. नाही लावलीस, तर बसल्या जागेवरून ओरडेन. माझा आवाज पलीकडच्या काठापर्यंत जातो, तुला ठाऊक आहे.

अक्षरं मोठी काढ. पोरांना वाचता आली पाहिजेत.

पाण्यात तुझा हात कधीच न सोडलेली,
ताई