दगडफूल श्रेष्ठ की चष्मेवाला?

३ मार्च. सकाळ.
बायको बॅग भरून बहिणीकडे गेली. कारण क्षुल्लक. म्हणाली, तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मी म्हणालो, भिंतीवरसुद्धा दगडफूल उगवतं. तिला शास्त्र कळत नाही. येईल आठवड्याभरात, जाते कुठे! तोवर म्युझियमच्या व्याख्यानाची तयारी निवांत होईल. स्वयंपाक रोज स्वतः करणार.

४ मार्च.
बिस्किटं खाल्ली.

८ मार्च.
विषय पक्का: दगडफूल श्रेष्ठ की चष्मेवाला? चष्मेवाला म्हणजे रानातला बोटभर पक्षी, डोळ्यांभोवती पांढरं कडं, तोंडाला कुलूप नाही. सदा थव्यात. एक उडाला की सगळे उडाले. उलट दगडफूल! वर्षानुवर्षं एका जागी. रुसत नाही, बहिणीकडे जात नाही. कुणावाचून त्याचं अडत नाही.
माझंही नाही. मीठ कुठे ठेवलंय कोण जाणे.

१३ मार्च.
संताप! आमच्या लग्नाच्या वर्षी गॅलरीच्या भिंतीवर उगवलेलं दगडफूल चष्मेवाल्याने ओरबाडून नेलं. घरट्यासाठी! मी घसा फोडून ओरडलो. शेजारीण धावत आली, हसत म्हणाली, वहिनी आल्या वाटतं? म्हणालो, नाही, पक्षी आहे. बिचारी आत गेली.

१९ मार्च.
व्याख्यान उत्तम चाललं होतं. शेवटी पक्षी विभागाच्या बाई उठल्या. म्हणाल्या, दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळाचा संसार ना? शेवाळ अन्न बनवतं, बुरशी नुसती घर धरून बसते. मग ते एकटं कसं? मी म्हणालो, तो तपशील झाला. त्यांनी विचारलं, आणि शेवाळ निघून गेलं तर बुरशीचं काय होतं?
जन्मभर हेच शिकवलंय, उत्तर तोंडपाठ. पण चहा जाहीर केला.

२० मार्च. दुपार.
बायकोला फोन केला. केवळ शास्त्रीय माहिती म्हणून. गॅलरीतल्या तिच्या कुंडीतल्या झाडावर घरटं झालंय, त्यात आपलं दगडफूल आहे, एवढं सांगून 'ये' म्हणायचं ठरवलं होतं. विचारलं काय, तर कुंडीला पाणी किती घालू? तिच्यामागे हसण्याबोलण्याचा गलका. म्हणाली, गडबडीत आहे, करते नंतर.

संध्याकाळ.
घरात रेंज फक्त गॅलरीत येते, तीही भिंतीला पाठ लावली तर. मघापासून तसाच बसलोय. जागचा हललो नाही. चष्मेवाल्याची जोडी घरट्यात परतली.
फोन वाजलेला नाही.