रथाचं सात आऱ्यांचं चाक

सोलापूर,
१२ नोव्हेंबर

ती. अक्कास, सिद्धलिंगचा नमस्कार.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. इकडे सगळे बरे. रुद्राणी सासरी रुळली. अक्कलकोटला थंडी पडली असेल, गुडघ्याला तेल लावत जा.

कामाचं लिहितो. आपल्या रथाच्या टॉवेलची नक्षी मी चार वर्षांपूर्वी नोंदवली. नोंदवलेली नक्षी दुसऱ्याला विणता येत नाही. तरी सिद्रामप्पाच्या कारखान्यातून तोच रथ बाजारात आला, म्हणून दावा लावला. रथाच्या डाव्या चाकाला आठऐवजी सातच आरे आहेत. त्याच्याही टॉवेलवर सातच. वकील खूश झाले. म्हणाले, "शेट, नक्षी दोघांना सुचू शकते. चूक दोघांना सुचत नाही." ती चूक कागदावर रेखाटताना माझ्या हातून झाली, असं मी लिहून दिलं.

आता सिद्रामप्पानं तुमच्या महिला मंडळाची जुनी स्मरणिका काढलीय. तिच्यात तुझा फोटो आहे, खांद्यावर कशिद्याची इरकल. नियम असा, की नोंदणीआधी नक्षी लोकांसमोर आलेली नसावी. आली असेल तर नोंदणी रद्द होते आणि ती कुणीही विणू शकतो. फोटो पुसट आहे. पदरावर रथ नव्हता, गोपूर होतं, एवढं तू लिहून द्यावंस, असं वकिलांचं म्हणणं. कागद त्यांनी तयार केलाय. तुझी सही तेवढी हवी.

इथवर सकाळी लिहिलं होतं. मग जेवून आलो.

रुद्राणीच्या लग्नात आहेरात तुला हाच टॉवेल दिला. तू तो मांडीवर पसरलास, चाकावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "काय तम्मा, एक आरा कुटं गेला?"

मी म्हटलं, "मशीनचा दोष, अक्का."

"मशीनला माझी चूक कशी म्हाईत?"

तू हसलीस, टॉवेल पिशवीत घातलास. त्यानंतर तुझा फोन नाही. तुला मशीन सांगितलं, कोर्टाला माझा हात सांगितला.

तुझ्या लग्नासाठी तू तो पदर भरत होतीस. बघायला येणारे पाहुणे तासभर आधी आले. अव्वा म्हणाली, "साकु, एळु." पुरे, ऊठ. तू उठलीस. आठवा आरा राहिला तो राहिलाच. पाच वर्षांपूर्वी दिवाळीत तू हे सांगत ती इरकल उलगडलीस, तेव्हा मी मोबाइलवर फोटो घेतला. "सुनेला दाखवतो," म्हणालो. सुनेनं तो अजून पाहिलेला नाही.

सोमवारी तारीख आहे. रथ बहिणीचा आहे, असं सांगणार आहे. वकिलांना अजून बोललो नाही, ते चिडतील. नोंदणी जाईल. सिद्रामप्पा हसेल. त्यानं चोरी केली हे खरंच, पण त्यानं चोरलेला रथ माझा नव्हता. कारखाना चार वर्षं याच रथावर चालला, आता दुसरं काही काढावं लागेल. काय ते अजून सुचलेलं नाही.

सहीचा कागद पाकिटात घातलेला नाही. त्याऐवजी पहिल्या खेपेतला एक टॉवेल पाठवतोय. त्यावरचं कारखान्याचं लेबल मी उसवलंय.

लग्नात द्यायचं उत्तर आज देतो. आरा तुझा राहिला होता, अक्का.

तुझा तम्मा,
सिद्धलिंग