केस वाळत नाहीत

३० मार्च, शनिवार. कोलोन

आज बोटीवर रुजू झाले. नाव 'अडेलहाइट', रंग पांढरा, आणि माझं पार्लर खालच्या मजल्यावर, एका टोकाला. दोन खुर्च्या, एक बेसिन, टोपीसारखा डोक्यावर उतरवायचा ड्रायर. खिडकी पाण्याच्या जेमतेम हातभर वर आहे. सकाळी एक हंस थांबून आत बघत होता, जणू त्यालाच वेळ घेऊन ठेवायची होती.

लेअर गावातलं सतरा वर्षांचं पार्लर बंद केलं तेव्हा वाटलं होतं, आता घरी बसून आईची बोलणी खायची. आईला नोकरीचं सांगितलं तर म्हणाली, गेशे, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी लोक बोटीवर फिरायला जातात, तू दुसऱ्यांची डोकी धुवायला चाललीस. पण मनातून तिला हेवा वाटला, मला कळलं. बाबांच्या आजारपणाची नऊ वर्षं ती गावाबाहेर पडलेली नाही. नोकरांच्या नातेवाइकांना एक फेरी फुकट असते. मे महिन्यात तिला बोलवायचं ठरवलंय.

खोलीत सोबतीला दानुटा आहे, पोलंडची, केबिनची साफसफाई बघते. तोंडाचा पट्टा अखंड चालू. इथले पाहुणे सरासरी पंचाहत्तरीचे, म्हणते, गुडघे गेलेत, कान गेलेत, आता उरलेत ते केस; तेव्हा तूच इथली डॉक्टर.

२ एप्रिल, मंगळवार. ओबरफेल्न

मोझेल नदी ऱ्हाइनपेक्षा कितीतरी शांत. दोन्ही काठांना उभ्या चढाचे द्राक्षमळे. दर मंगळवारी दोन ते पाच आम्ही ओबरफेल्न गावाला थांबणार. पाहुणे तिथल्या जुन्या तळघरात वाइन चाखायला जातात. अठ्ठेचाळीस पायऱ्या खाली, म्हणजे थेट नदीच्या पोटात.

सकाळी ब्रेमेनच्या क्लोपेनबर्गबाई आल्या होत्या. कॉफी गार, शेजारीण घोरते, माझी बोटं खरखरीत. कापसासारखे विरळ केस, पंधरा मिनिटांत वाळले. साडेचारला त्याच परत आल्या, रोलर करून बसवलेले केस चिप्प ओले. म्हणाल्या, खाली छत ठिबकतं. पुन्हा ड्रायरखाली बसवलं. चाळीस मिनिटं झाली तरी केस ओलेच. बाई मात्र हात मांडीवर ठेवून गप्प, खिडकीतून पाणी बघत होत्या. मला म्हणाल्या, तुमचे हात किती मऊ आहेत.

आज रात्री कॅप्टनबरोबर जेवण, त्यामुळे आणखी दहाजणी आल्या. सगळ्यांचं तेच. ड्रायर बिघडला असणार.

३ एप्रिल, बुधवार

झोल्टान वायरमनने ड्रायर तपासला. त्याखाली ओला टॉवेल धरला, पाच मिनिटांत खडखडीत. माझ्याकडे बघून हसला.

अकराच्या अकरा बायका काल ओल्या केसांनी जेवायला बसल्या होत्या. एकीनेही कुरकुर केली नाही. आमचे व्यवस्थापक रॉलोफ्स खूश आहेत. म्हणाले, ओबरफेल्ननंतर आमच्याकडे तक्रारवही उघडावीच लागत नाही.

बेसिनच्या जाळीत बोटभर करडा गाळ साचला होता. नदीचा असतो तसा, गुळगुळीत.

९ एप्रिल, मंगळवार. ओबरफेल्न

नवे पाहुणे, नवी डोकी. आज मुद्दाम लक्ष ठेवलं. सकाळी सहाजणींचे केस केले, सगळे वाळले. त्यातल्या पाचजणी तळघरात गेल्या, सहावीचा पाय मुरगळला होता म्हणून ती राहिली. संध्याकाळी पाचही जणी परत. केस ओले. ती सहावी तेवढी कोरडी, आणि दुपारच्या केकबद्दल कटकट करणारी.

आज मी बोटं केसांत खोल घातली. टाळू गार होती.

लेअरमध्ये असताना अंत्यविधीवाल्यांच्या बोलावण्यावरून मी मेलेल्यांचे केसही केले आहेत. ते गार असतात, पण त्यांचे केस वाळतात.

११ एप्रिल, गुरुवार

पार्लरच्या फोनवर ब्रेमेनहून एक बाई. क्लोपेनबर्गबाईंची मुलगी. आडून आडून विचारत होती, प्रवासात काही झालं का, आई पडली वगैरे का. मी नाही म्हटलं. मग म्हणाली, तसं वाईट काही नाही हो. उलट आई इतकी प्रेमळ झालीय की आम्हीच चकित. आयुष्यभर टोचून बोलायची, आता एक शब्द नाही. फक्त उशी रोज ओली असते, गादीपर्यंत. आणि माझी धाकटी तिच्या मांडीवर बसत नाही. म्हणते, ही आजी नाही.

मी म्हणाले, लहान मुलं काहीही बोलतात.

का म्हणाले मी तसं?

१६ एप्रिल, मंगळवार. ओबरफेल्न

आज पाहुण्यांच्या मागोमाग मीही गेले. खाली उतरले नाही. तळघराचे मालक थेसेन दारात बसले होते, जाकिटाला सगळी बटणं, पायात स्वच्छ बूट. त्यांना विचारलं, लोक आत किती खोलवर जातात? म्हणाले, वाइन जिथं गार राहते तिथवर. मी विचारलं, सगळे परत येतात ना? ते हसले. म्हणाले, बाई, जेवढे उतरतात तेवढेच चढतात. आजोबांच्या वेळेपासून आमची मोजणी कधी चुकलेली नाही.

दाराच्या वर, मळ्याच्या चढावर, तळघराचं हवेचं धुराडं आहे. दगडी, गुडघ्याएवढं, वर लोखंडी जाळी. दम लागला म्हणून तिथं टेकले. खालून बोलणं ऐकू येत होतं. वाटलं, आजचेच पाहुणे. मग एक आवाज ओळखला.

वाइन कोमट आहे. माझा कोट कुणी घेतला? बोट कधी सुटणार, कुणी सांगेल का मला?

क्लोपेनबर्गबाई. ज्या दहा दिवसांपूर्वी कोलोनला उतरून, माझा हात हातात घेऊन, ब्रेमेनला गेल्या.

मी जाळीला तोंड लावून हाक मारली. खाली एकदम शांत झालं. मग कितीतरी आवाज एकाच वेळी, वर येऊ द्या म्हणत. ऐंशी, शंभर, जास्तच.

मी धावत खाली आले. थेसेनना म्हटलं, दार उघडा, आत माणसं आहेत. त्यांनी लगेच दिवा उचलला आणि म्हणाले, या ना, बघा. दारातून पहिली खोली दिसली. पिंपं, बाकं, धुतलेले ग्लास. पलीकडे आणखी पायऱ्या, आणि पायऱ्यांवर पाणी. मी उंबरठा ओलांडला नाही.

१७ एप्रिल, बुधवार. ट्रिअर

पोलीस चौकीत गेले. तरुण पोलीस होता, नीट ऐकून घेतलं, कॉफी दिली. मग विचारलं, हरवलंय कोण? मी नाव दिलं. त्याने माझ्यासमोर ब्रेमेनला फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. क्लोपेनबर्गबाई बोलत होत्या. गोड, सावकाश. मी मजेत आहे, बाई. तुमची फार आठवण येते. तुम्ही खाली आलाच नाहीत.

पोलीस म्हणाला, बघा, कुणीच हरवलेलं नाही.

खरं आहे. कुणीच हरवलेलं नाही. मग शोधणार कोण?

रॉलोफ्सनाही सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा गारवा माझ्या शर्टातून लागला. म्हणाले, पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच जड जातं.

दानुटाला मात्र सगळं सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, आजीच्या गावात असल्या विहिरी होत्या, आम्ही तिकडे पाठ करून चालायचो. तूही तसंच कर, पगार घे, पाठ कर.

२३ एप्रिल, मंगळवार

दानुटा खाली गेली. एका पाहुण्याची चाकाची खुर्ची उचलायला माणूस कमी पडला. मी पार्लरमध्ये होते, मला कळलंच नाही.

आता ती माझ्या वरच्या बिछान्यावर पडली आहे. बडबड नाही. गादीतून पाणी झिरपतंय. या पानावर आत्ता एक थेंब पडला.

तिने विचारलं, तुझी आई कधी येणार?

२४ एप्रिल

राजीनामा दिला. शनिवारी कोलोनला उतरायचं. रॉलोफ्स म्हणाले, जशी तुमची मर्जी.

आईला फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. नाही.

२७ एप्रिल, शनिवार. कोलोन

बॅग घेऊन जिन्यावर आले तर आई समोर. निळा कोट, नवे बूट, हातात केकची बशी. पहाटेच्या गाडीने आली. दानुटाने तिला फोन करून बोलावलं, मुलीला चकित करा म्हणून. सामान कपाटात लावूनही झालं होतं.

तिला म्हटलं, आत्ताच्या आत्ता उतर, घरी जाऊ. कारण सांगितलं. सगळं सांगितलं. आईने बशी खाली ठेवली, माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाली, ताप नाही. मग म्हणाली, गेशे, नऊ वर्षं मी एका खोलीत एका माणसाचा श्वास मोजत बसले. तो गेला तेव्हा ठरवलं, मरायच्या आधी एकदा नदी बघायची. आणि तू मला भुतांच्या गोष्टी सांगून उतरवतेस? तुला जायचं तर जा. मी जाणार नाही.

बोट सुटली. मी बॅग परत आत ठेवली.

२९ एप्रिल, सोमवार

आई डेकवर बसून सगळ्यांशी बोलते. दोघीतिघींची घट्ट मैत्रीण झाली आहे. तिचे केस सकाळी धुऊन दिले. वीस मिनिटांत वाळले. ऊबदार डोकं. मी जरा जास्तच वेळ हात ठेवला तर म्हणाली, पुरे, मी मांजर नाही.

उद्यासाठी उपाय सुचलाय. दुपारी दीडला तिच्या केसांना रंग लावते. डोक्यावर रंग थापलेला असताना कुठलीच बाई बोटीबाहेर पडत नाही. चार वाजेपर्यंत अडकवून ठेवता येईल. रंग, मग मालिश, मग रोलर.

३० एप्रिल, मंगळवार. ओबरफेल्न

१.५० – रंग लावून झाला. आई आरशात बघून म्हणाली, भरताच्या वांग्यासारखी दिसतेय, वर देठ तेवढा हवा. पार्लरचं दार आतून लावलंय. किल्ली माझ्या खिशात. बाहेर पाहुणे उतरताहेत.

२.१० – रॉलोफ्स दार वाजवताहेत. माझ्यासाठी ट्रिअरच्या पोलिसांचा फोन आलाय म्हणे, वर ऑफिसात. ब्रेमेनच्या बाईंबद्दल काही सापडलंय. आई म्हणते जा, मी कुठे पळतेय या अवतारात. बाहेरून कुलूप लावून जाते. पाच मिनिटं.

२.२५ – फोनवर कुणी नव्हतं. नुसता पाण्याचा आवाज.

दार उघडं. खुर्ची रिकामी. दानुटाकडे सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या असतात, हे मला सुचलंच नाही. पार्लरशेजारच्या केबिनमधल्या बाईने सांगितलं – दानुटा आली होती, म्हणाली, तुमची मुलगी तळघरात पाय घसरून पडलीय, तुम्हाला हाका मारतेय. आई डोक्याला टॉवेल गुंडाळून तशीच धावली.

माझ्यासाठी धावली.

२.५० – धुराड्याजवळ. तळघराचं दार आतून बंद होतं. धडका मारल्या, खांदा सुजलाय. थेसेन आतूनच म्हणाले, चाखणं चालू असताना उघडत नाही. गावातली माणसं खिडक्यांतून बघतात, बाहेर कुणी येत नाही. आईला हाका मारतेय. खालून नुसती गाणी –

४.०५ – वर आले सगळे. मोजले. जेवढे उतरले तेवढेच.

आई दानुटाच्या हातात हात घालून आली. केस पांढरे. स्वच्छ, ओले, पांढरे. रंगाचा डाग कानामागेही नाही. तो रंग असा धुऊन जात नाही, मी तीस वर्षं लावतेय. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काढून घेतला. ती म्हणाली, तुझे हात किती मऊ आहेत.

तिने कधीच मला असं –

४.२० – धुराड्याजवळ.

गेशे. गेशे, कुठं आहेस? पडलीस का? लागलंय का तुला?

आईचा आवाज. खालून.

मी म्हटलं, आई, मी वर आहे, मला काही झालेलं नाही. ती रडायला लागली. बरं झालं, म्हणाली. बरं झालं. मग म्हणाली, इथं फार अंधार आहे गं. आणि हा रंग चुरचुरतोय. वेळ होऊन गेली ना? डोळ्यांत उतरतोय.

अडीच तास. टाळू भाजून निघाली असेल. पस्तीस मिनिटांत धुवायला हवा होता.

मी म्हटलं, डोळे चोळू नकोस.

४.३५ – बोटीवर जाऊन आले. कोमट पाण्याचा कॅन, मोठा टॉवेल, शाम्पू. कुणी अडवलं नाही. डेकवर ती आईचा निळा कोट घालून उभी होती. हात हलवत होती, जा म्हणून.

दार उघडं आहे आता. थेसेननी दिवा दिला. तुमचं नाव यादीत पहिल्या आठवड्यापासून आहे, म्हणाले.

मला माहीत आहे. मी खुळी नाही. तिला वर आणता येणार नाही, मलाही येता येणार नाही. पाचला कुणीतरी माझे कपडे घालून बोटीवर चढेल. पण ती तिथं एकटी, डोळे मिटून –

तीस पायऱ्या उतरले. दिव्याच्या उजेडात लिहितेय. पाणी घोट्यापर्यंत. फार गार. कॅन अजून कोमट आहे, छातीशी धरलाय.

दिसतेय. टॉवेल गुंडाळलेली. आणि तिच्यामागे सगळ्याजणी, भिंतीपर्यंत –

आई, आले. मान मागे कर. डोळे घट्ट मीट, नाहीतर रंग