बापूजी 'नाई' म्हणत नाईत

ती. कुंताआत्याले,

प्रफुलचा पाया पडून नमस्कार. इथी सारे खुशाल आहेत (आईचे गुडघे सोडून, पण त्यायची खुशाली तुमी कधी विचारतच नाई). गडचांदूरची धूळ आणि तुमचा खोकला, दोघायचं कसं चालू आहे ते कळवा. मामाजीले दंडवत सांगा. तुमी फोनवर विचारलं होतं का येताना बापूजीसाठी जाळ्याचा धागा आणू काय. त्याचं उत्तर खाली देतो, आधी हकीकत आयका.

आमच्या मच्छीमार सोसायटीनं मोबाईलवर एक एआय मदतनीस घेतला. त्याले सारे मुनीम म्हणतात. तो नुसता बोलत नाई, कामं करते: बर्फ मागवते, सभासदायले निरोप धाडते, व्यापाऱ्याची गाडी बोलावते. एकेका कामाले एकेक साधन आहे, आणि कोणतं साधन कवा वापराचं हे तो त्या साधनाखाली लिवलेली माहिती वाचून ठरवते. ती माहिती लिवाचं काम माह्यं. (आई लोकायले सांगते का आमचा प्रफुल कम्प्युटरले शिकवते. सांगू द्या.) मले वाटलं, ह्यात काय आहे, दोन ओळीचं तर काम. बर्फाच्या साधनाखाली मी लिवलं, 'बर्फ मागवते.' झालं. एक दिवस मुखरूकाकानं मुनीमाले सहज सांगतलं का पाय मुरगळून सुजला आहे, तर त्यायच्या दारात बर्फाची गाडी उभी. काकानं पाय राहू देल्ला बाजूले आणि साऱ्या आळीले शरबत पाजलं. तवा मी पोट धरून हसलो. हसाले नाई पायजे होतं.

तलावाची रीत तुमाले काय सांगाची, तुमी इथल्याच. सोसायटीचे जाळे ओढून झाले, माल गाडीत चढला, का उरलेली मासोळी साऱ्या गावाले मोकळी. पण गावाले बोलवाचा हुकूम बापूजीचा (सोसायटीचे अध्यक्ष अजूनही तेच, दुसरं कोण होईन). त्या साधनाखाली मी लिवलं: 'मासेमारीच्या वेळी साऱ्या गावाले तलावावर बोलावते. आधी बापूजीले विचारावं. ते नाई म्हणाले नाई, तर बोलवावं.' लिवून मी खुश. आता आत्या, बापूजीच्या तोंडून 'नाई' तुमी तरी जन्मात आयकलं काय? त्यायले गोष्ट पटली नाई का ते फाटकं जाळं मांडीवर घेतात आणि सुई चालू करतात. समोरचा समजते आणि उठून जाते. गावातल्या लेकराले ठाऊक आहे हे, म्हणून तर मी लिवलं नाई. जे साऱ्यायले ठाऊक ते कोणी लिवते काय?

पहिलं जाळं टाकाच्या आदल्या दिवशी मुनीमानं बापूजीले इमानदारीनं विचारलं, गावाले बोलवू काय. बापूजीनं जाळं मांडीवर घेतलं. मुनीमाले काई मांडी दिसत नाई. त्यानं वाट पाह्यली, 'नाई' आलं नाई, आणि साऱ्या गावाले बोलावणं गेलं, बापूजीच्या नावानं. सकाळी आमचे डोंगे पाण्यात जाच्या आधी गाव तलावात. टोपले, मच्छरदाण्या, जुने लुगडे, ज्याले जे सापडलं ते. सरपंचबाई घमेलं घेऊन. थांबवता कोणाले, बोलावणं तर अध्यक्षाचंच. व्यापाऱ्याची गाडी रिकामी परत गेली. वर्षभर तलाव राखणाऱ्या सभासदायच्या घरी त्या दिवशी शेजाऱ्यायनं वाटीवाटी रस्सा आणून देल्ला.

मंग सभा. मुनीम बंद करा आणि प्रफुलले घरी बसवा, असं ठरतच आलं होतं. तवा सोसायटीचं दफ्तर पाहणारी बापूजीची पोरगी दामिनी उठली. म्हणाली, "मुनीमाले काऊन बोलता? आपल्या मनातलं त्याले कोणं सांगतलं होतं?" सोसायटीच्या दुसऱ्या तलावाच्या मासेमारीपर्यंत मले मुदत भेटली. दामिनी सांगत गेली, मी लिवत गेलो: हे साधन कायचं, कवा वापराचं, आणि मुख्य म्हणजे कवा नाई. जाळे ओढून माल गाडीत चढल्याशिवाय गावाले बोलवू नये. बापूजीचं गप्प राहणं म्हणजे होकार नाई. तोंडानं 'हो' आलं तरच बोलवावं. ती म्हणे, आज सकाळीच गावात आलेल्या जावयाले सांगतो तसं लिव, त्याले काईच ठाऊक नसते आणि साऱ्यात हात घालाची हौस असते. दुसऱ्या तलावावर सारं रीतीनं झालं, आधी माल गाडीत, मंग गाव पाण्यात. माह्यी नोकरी राह्यली.

बाकी विशेष काई नाई. तब्येत सांभाळा, गार पाणी पिऊ नका.

तुमचा,
प्रफुल

ता. क. विशेष नाई म्हणालो ते खरं नाई. माहिती लिवता लिवता माह्यं आणि दामिनीचं जमलं. मागच्या आठवड्यात मी हिंमत करून बापूजीले विचारलं. त्यायनं जाळं मांडीवर घेतलं. मी उठून आलो. तवापासून घास गोड लागून नाई राह्यला, आत्या. बापूजी साऱ्या गावात एक तुमचं आयकतात, तवा लवकर येऊन शब्द टाका. फक्त 'पोरगा चांगला आहे' म्हणून थांबू नका, तशा माहितीनं काय होते ते वर लिवलंच आहे.

आणखी एक. धागा आणू नका. बापूजीची जाळं विणाची सुई परवापासून सापडून नाई राह्यली, त्यायनं सारं घर पालथं घातलं. ती दामिनीनं माह्या हाती आणून देल्ली. या पाकिटातच आहे, उघडताना बोटाले जपा. लग्नाचा 'हो' त्यायच्या तोंडून येईपर्यंत तुमच्यापाशीच राहू द्या.