वेळेवर जेवणाऱ्या कोंबड्या

चिरंजीव मेहुण्यांस,

अनेक आशीर्वाद. आपली प्रकृती व भूक दोन्ही उत्तम असतील, अशी आशा आहे. (दुसरीविषयी मला कधीच शंका नव्हती.) येथे आम्हा उभयतांचे क्षेम आहे, कोंबड्यांचे मात्र येत्या रविवारपर्यंतच आहे. त्याची हकिकत अशी.

आपण भेट दिलेली ब्रॉयलरची डझनभर पिल्ले मी परसातील खुराड्यात ठेवली. त्यांच्यापुढे खाद्य दिवसभर असावे, हा आपला सल्ला मी ऐकला. परंतु पाळला नाही. ज्या घरात जावयालाही वेळेआधी ताट मिळत नाही, तेथे कोंबडीने आठही प्रहर चरत बसावे, हे मला पटेना. मी चौथीपर्यंतच शिकलो असलो, तरी शिस्त तेवढ्यात पुरेशी शिकवीत असत. (आपण पुढे पुष्कळ शिकलात, तेव्हा ती मागे राहिली असावी.) सबब मी जेवणाच्या वेळा नेमल्या व चमच्याने थाळी वाजवून मगच भरडा वाढण्याचा परिपाठ ठेवला. या जातीला चालण्याचा मुळातच कंटाळा. (दुपारच्या जेवणानंतरचे आपण आठवावे.) तरीही, थोड्याच दिवसांत थाळी वाजली रे वाजली, की सर्वजणी डुलत येऊन रांगेने उभ्या राहू लागल्या. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. माझ्या मुलांना हे कधी जमले नाही.

या गुणानेच घात केला. गेल्या आठवड्यात विहीणबाई जेवावयास आल्या होत्या. आपल्या भगिनींनी फडताळातून थाळ्या काढल्या, चमचे मांडले, आणि त्या खणखणाटासरशी सर्व मंडळी परसदारातून थेट जेवणघरात दाखल झाली. वास्तविक त्यांनी काहीही गैर केले नाही. टेबलाभोवती उभ्या राहून त्या केवळ वाढण्याची वाट पाहत होत्या. एक अंगाने भारी होती, ती दमून विहीणबाईंच्या पावलांवर बसली. विहीणबाई खुर्चीवर चढल्या. "अहो, बघत काय बसलात? हाकला ना यांना!" असे आपल्या भगिनी ओरडल्या. "आधी वाढ, म्हणजे आपणहून जातील," असे मी शांतपणे सुचविले. ते त्यांना रुचले नाही. विहीणबाई गेल्यावर निकाल लागला : "रविवारी माझा भाऊ येतोय. एकही ठेवायची नाही!" (आपण एकटेच येणार असूनही डझन पुरेल ना, याची त्यांना काळजी आहे.)

मला व्यक्तिशः काही वाटत नाही. ब्रॉयलर ही खाण्यासाठीच असते. तथापि, जाणकार या नात्याने कळवितो, की त्या अद्याप अंगाने भरलेल्या नाहीत. शिवाय फार लठ्ठ झाल्याने पचावयास जड जातील. एक तर शिंकतेसुद्धा. तरी येण्याची घाई नसावी.

आपला,
दाजी

ता. क. : येणे टळतच नसेल, तर उंबऱ्यातच सांगावे, की डॉक्टरांनी मांसाहार बंद केला आहे. मी दुजोरा देईन. मुक्कामात भोपळा खावा लागेल, या त्यागाची मला जाणीव आहे. त्या बदल्यात आपण कितीही घोरलात, तरी मी अवाक्षर काढणार नाही.

आणखी एक ता. क. : अरे, ही मी, ताई. पत्र पेटीत टाकायला माझ्याच हाती दिलंय, तेही पाकीट न चिकटवता! डॉक्टरचं नाव घेऊ नकोस, खोटं बोलताना तुझे कान लाल होतात. मी कुठली कापतेय त्यांना! पण यांना बोलू नकोस हं. रविवार जवळ येतोय तसे हे न सांगता भाजी निवडून देतात, विहीणबाईंची माफीसुद्धा मागून आले. तू येताना मासे आण. आणि निघताना यांना ऐकू जाईल असं म्हण, "ताई, कोंबड्या पुढच्या खेपेला."